बारावा पदार्थ

लुबोच्या रक्तात मासा निघाला तेव्हा माझ्या हातात अर्धं खाल्लेलं सँडविच होतं. यंत्रांच्या खोलीत खायला बंदी आहे, पण इतकी वर्षं तिथे काढलेल्या बाईला कोण बोलतंय. पडद्यावर रेघ सरकत होती. आमचं काम म्हटलं तर साधं आहे. माणसाचं रक्त घ्यायचं, त्यातल्या तांबड्या पेशी धुऊन काढायच्या, त्यांच्या अंगातली चरबी काढून यंत्रात सोडायची. यंत्र तिची एकेक जात वेगळी करून दाखवतं. लोण्याची, तेलाची, डुकराची, साखरेपासून लिव्हरने स्वतःच बनवलेली. प्रत्येकीची जागा ठरलेली. त्या जागी रेघ टेकाडासारखी वर उठते, आणि टेकाड जितकं उंच तितकी ती चरबी त्या माणसाच्या अंगात मुरलेली असते. माणूस खुशाल सांगतो, मी हल्ली लोणी सोडलंय हो. पण तांबडी पेशी तीन-चार महिने जगते आणि तेवढ्या महिन्यांचं खाल्लेलं अंगावर बाळगते. माशाची जागा अगदी शेवटाकडे येते. लुबोच्या रेघेत तिथे नावाला एक पुटकुळी असायची, तेवढी सगळ्यांच्याच असते. त्या बुधवारी तिथे चांगलं टेकाड उभं राहिलं. मी सँडविच खाली ठेवलं आणि नळीवरचं नाव पुन्हा वाचलं. अक्षर माझंच होतं. रक्तही मीच काढलं होतं, त्याची बाही वर सारून, दंडाला पट्टा बांधून.

लुबो माझा नवरा. विनिपेगच्या शहरबसवर ड्रायव्हर होता, आता घरी असतो. त्याचं रक्त आमच्या प्रयोगशाळेत कशाला, तर ती आमच्याकडची रीत आहे. पेशंटांच्या नळ्यांबरोबर दर खेपेला दोन-तीन नळ्या घरच्या चालवायच्या, म्हणजे आमच्या, आमच्या नवऱ्याबायकांच्या. ओळखीचं रक्त ओळखीचं दिसलं की यंत्र ताळ्यावर आहे असं समजायचं. आणि लुबोइतकं ओळखीचं रक्त सगळ्या इमारतीत नव्हतं. मेटाबॉलिक सिंड्रोम हा काही एक रोग नव्हे, ते पाच पाहुण्यांचं टोळकं आहे: कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर, रक्तात तरंगणारी चरबी, आणि चांगल्या कोलेस्टेरॉलची टंचाई. तिघं घरात शिरले की डॉक्टर नाव देऊन मोकळे होतात. लुबोकडे पाचही जण वर्षानुवर्षं मुक्कामाला होते. आमचे मोठे डॉक्टर पेल्त्ये नव्या पोरांना शिकवताना त्याचीच रेघ भिंतीवर लावायचे आणि म्हणायचे, हे पुस्तकातलं रक्त. मला त्याचं कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू. कुणाचा नवरा सभेत भाषण करतो, कुणाचा हॉकी खेळतो, माझ्या नवऱ्याचं रक्त पुस्तकातलं होतं. त्याच्या बोटाला काही लागलं तरी मला वाटायचं, हे आमचं आहे, सांडता कामा नये.

"माझी नळी घातलीस वाटतं," लिगाया माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली. लिगाया शेजारच्या टेबलावर असते. फिलिपिनो आहे, न्याहारीलासुद्धा मासा खाते. "एवढा मासा या इमारतीत मी एकटी खाते."

"तुझी तिकडे आहे, अजून लागली नाही. ही लुबोची."

"लुबोची? तो तर इथे आला असताना मी डबा उघडला की खिडकी उघडतो."

"हो ना."

"मग कुणाकडे जेवतो गं हल्ली?" ती हसत म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली.

पेल्त्ये आले, त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, यंत्र बिघडलंय, परत चालवा. परत चालवलं. टेकाड तिथेच. मग मी बाकीच्या चाचण्या बघितल्या, आणि बघितल्या नसत्या तर बरं झालं असतं. तरंगणारी चरबी खाली आली होती. साखर खाली आली होती. आणि अंगातल्या चरबीला चढणाऱ्या गंजाचा आकडा, तोही. माशाची चरबी मोठी नाजूक असते, हवा लागली की खवट होते, म्हणून तर आम्ही नळीतली हवा काढून नायट्रोजन सोडतो. अंगातही तेच चालतं. पोट सुटलं, साखर वाढली की आतली चरबी आतल्या आत खवटत जाते. पेल्त्ये त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. लुबोचा खवटपणा उतरला होता. घरच्या नळ्यांत माझीही एक असते. ती त्याच्या मागोमाग लागली. माशाच्या जागी पुटकुळी, आणि गंजाचा आकडा मागच्या खेपेपेक्षा वर. "पाचातले तीन झाले की तुझे," लिगाया हळूच म्हणाली. "तो क्लबातून बाहेर, तू आत." मला तिचा राग आला नाही. ज्याच्यावर यायचा होता तो घरी सोफ्यावर बसून हॉकी बघत होता.

लुबो मासा खात नाही. हे माझ्या संसारातलं पहिलं वाक्य आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी पिकरेल मासा तळला होता, माझे वडील तळायचे तसा, पिठात घोळवून, कडा कुरकुरीत. लुबोने ताट दोन बोटांनी बाजूला सरकवलं आणि म्हणाला, "मी मासा नाही खात. वासच सहन होत नाही." भांडला नाही, नाक मुरडलं नाही, नुसतं ताट सरकवलं. मी मासा आणायचा बंद केला. मला किती आवडायचा ते मी स्वतःलाही विसरायला लावलं. नवऱ्यासाठी बायका काय काय सोडतात, मी मासा सोडला. फक्त ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी, आमच्या युक्रेनी रिवाजाप्रमाणे मांस नसलेले बारा पदार्थ मांडायचे असतात, त्यात हेरिंग मासा आलाच. त्या रात्री प्रत्येकाने बाराही पदार्थ निदान चमचाभर तरी चाखायचे, नाहीतर वर्ष अपुरं राहतं म्हणतात. लुबो अकरा खायचा. बारावा पुढे आला की तो खिडकीबाहेर बघायचा. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, "माझा लेक अकरा पदार्थांचा आहे, बाई, तुझ्या नशिबी अकराच." आम्ही हसायचो. मी त्याच्या वाटचा बारावा खायची आणि मनात म्हणायची, दोघांचं मिळून वर्ष पुरं होईल.

आता त्या रेघेकडे बघताना मला ते हसणं आठवलं आणि कानशिलं तापली. म्हणजे माझ्या हातचा चालत नव्हता. वास सहन होत नव्हता तो माझ्या घरातला. कारण या माणसाच्या आयुष्यात मासा म्हणजे एकच बाई. गिम्लीला, सरोवराच्या काठावर, आइसलँडी लोकांच्या वस्तीत राहणारी स्वावा. लुबोची पहिली बायको. चार वर्षांचा संसार, माझ्या कितीतरी आधीचा. बाप मासेमार, भाऊ मासेमार. घराच्या भिंतीलासुद्धा माशाचा वास येत असणार. लुबो तिच्याबद्दल कधी वाईट बोलला नाही, हेच माझं मोठं दुखणं होतं. शिव्या घातल्या असत्या तर मी सुखाने झोपले असते. एकदाच म्हणाला होता, "तिला तळं सोडवेना, मला शहर." इतक्या साध्या कारणाने कुणी बायको सोडतं का? मला वाटायचं, जी गोष्ट संपलेली असते तिचं कारण मोठं असतं, छोटं कारण म्हणजे गोष्ट अजून उघडी आहे. तिचं नाव निघालं की मी भांडी जरा जोरात ठेवायची. सवतीचं नाव चांगलं लागत नाही कानाला, मग ती तुमच्या आधीची का असेना. खरं तर मीच तिची सवत, पण असा विचार करायला मन मोठं लागतं.

कुणी म्हणेल, घरी जाऊन त्याला विचारायचं सरळ. आम्ही लोक माणसाला विचारत नाही, नळीला विचारतो. माणूस खोटं सांगतो हे गृहीत धरूनच आमचा पगार चालतो. मी घरी गेले तेव्हा तो टेबलाशी बसला होता, नेहमीसारखा पट्टा सैल न करता. तेही मी बघितलं. हिवाळ्यात त्याचा पट्टा एक भोक आत गेला होता आणि मी मूर्खासारखी खूश झाले होते, म्हटलं पांढऱ्या पावाऐवजी मी घालते ती बार्ली लागू पडली. मी मुद्दाम आंबट सायीची वाटी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती उचलली नाही. "पोट भरलंय," म्हणाला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझं रक्त आलं का या खेपेचं?"

"आलं."

"काय म्हणतंय?"

मी त्याच्याकडे बघितलं आणि तोंडातून आलं, "बिघडलंय. पहिल्यापेक्षा."

"असं कसं?" लुबो म्हणाला.

इतकी वर्षं दर खेपेला मी वाईटच सांगत आले, आणि इतकी वर्षं तो खांदे उडवून म्हणत आला, चालायचंच. 'असं कसं' तो कधी म्हणाला नव्हता. ज्याने अभ्यास केलाय तोच नापास झाल्यावर असं विचारतो. मी बशी धुवायला घेतली, आधीच धुतलेली. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या कर्लिंगच्या मित्राला फोन केला. शनिवारी लुबो कर्लिंगला जातो, बर्फावर दगड ढकलून घरी येतो, ही आमच्या घरची घडी. मित्र म्हणाला, "लुबो? तो ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंग झालं तेव्हापासून आलाच नाही. गुडघा दुखतो म्हणाला ना? बरा आहे का आता?" मी म्हटलं, बरा आहे, फारच बरा आहे. फोन ठेवला आणि मला एकाएकी इतकी भूक लागली की उभ्याउभ्या सायीची ती वाटी मीच संपवली. मत्सर म्हणजे काय असतं ते पुस्तकात काहीतरी वेगळंच लिहितात. मला तर तो पोटात, अन्नासारखा लागला. आणि त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की त्या बाईच्या जेवणाने माझ्या नवऱ्याचं रक्त सुधारलं होतं. इतकी वर्षं मी डोकं फोडून जे झालं नाही ते तिने एका हिवाळ्यात केलं होतं. जाऊ नकोस म्हणावं तर पाचही पाहुणे परत येणार. जा म्हणावं तर नवरा जाणार. हृदय वाचवायचं की माणूस, असा हिशेब कुठल्या बाईला कधी करायला लागला असेल? दोन्ही एकाच छातीत होती.

शनिवारी तो दगडापुढचा बर्फ घासायचा कर्लिंगचा झाडू गाडीत टाकून निघाला. जरा वेळाने लिगायाची गाडी दारात आली. मी तिला काही सांगितलं नव्हतं, नुसतं गिम्लीला सोड म्हटलं होतं, पण तिला काही सांगावं लागत नाही. रस्ताभर दोन्हीकडे पांढरी शेतं, मार्च असून बर्फ हलायचं नाव नाही. "मी गाडीतच बसते," ती म्हणाली. "आत गेलीस की सुऱ्याकात्र्यांपासून लांब बस."

"मी भांडायला चाललेली नाही."

"छे, तू तर नमुना गोळा करायला चाललीयस."

मला खरंच वाटत होतं की एकदा डोळ्यांनी बघितलं की बरं वाटेल. काय बघायचं ते मी ठरवून टाकलं होतं: एक उंच, सडसडीत म्हातारी, अजून सुंदर, चुलीपाशी उभी, आणि माझा नवरा टेबलाशी, रुमाल गळ्यात, लहान पोरासारखा ताटाकडे बघणारा. सासूबाईंच्या तोंडून कधीतरी ऐकलेलं हिरव्या दाराचं घर सापडायला वेळ लागला नाही. बाहेर आमची गाडी, उघड, काही लपवाछपवी नाही, त्याचाही मला राग आला. स्वयंपाकघराची खिडकी पायऱ्यांशेजारीच होती. मी आत बघितलं. चुलीपाशी लुबो उभा होता. कमरेला फुलाफुलांचा एप्रन. तव्यावरचा मासा त्याने उलथन्याने असा अलगद उलटला की मी पायरीवरच थांबले. माझ्या घरात या माणसाने अंडं उकडलेलं नाही. मी तापाने फणफणत असताना त्याने डबा उघडून सूप थंडच दिलं होतं, वर म्हणाला होता, मला यातलं काही कळत नाही.

मी दार ढकललं.

"दार लाव, थंडी येते," खुर्चीतली बाई म्हणाली. जाडजूड, पाय सुजलेले, एका पायात मोठा मऊ बूट. डोळे उघडे होते पण माझ्या डावीकडे कुठेतरी लागलेले. "कोण आलंय रे, लुबो?"

लुबो उलथनं हातात धरून उभा राहिला. "ओरिसिया," तो म्हणाला. मला हाक मारली की तिला सांगितलं ते मला कळलं नाही.

"अगंबाई. आली का शेवटी," स्वावा म्हणाली. "बस, बस, खुर्ची असेल तिथेच कुठेतरी. बरं झालं आलीस, तुझ्याशी भांडायचंच होतं मला."

"माझ्याशी?"

"मग काय. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मला लोणी मिळत नाही. का, तर ओरिसिया म्हणते. पांढरा पाव नाही, ओरिसिया म्हणते. कॉफीत साखर नाही, ओरिसिया म्हणते. कॉडच्या लिव्हरचं तेल चमचाभर घ्यायचं, ते आमच्या घरात मी जन्मापासून घेतेय, पण आता तेही ओरिसिया म्हणते म्हणून. मंगळवारी येतो, शनिवारी येतो, आणि आल्यापासून जाईपर्यंत ओरिसिया म्हणते, ओरिसिया म्हणते. कान किटले माझे. या माणसाची बायको होते मी चार वर्षं. कधी कुणापुढे म्हणाला असेल का, स्वावा म्हणते? विचार त्याला."

लुबोने तव्याकडे तोंड फिरवलं.

"आणि आज तर कहर," ती म्हणाली. "आल्याआल्या मिठाची बरणी वर फडताळात. म्हणे रक्त बिघडलंय. बिघडलं त्याचं, आणि अळणी जेवायचं मी."

मी बुधवारी बोललेलं खोटं या घरात आधीच येऊन बसलं होतं. साखरेने तिचे डोळे नेले होते आणि पायाची बोटं. तेच पाच पाहुणे, तिच्याकडे आधी आले आणि पंगत उठवून गेले. अशा बाईचा मत्सर करायचा म्हणजे स्वतःचीच लाज वाटायला हवी. मला वाटली नाही. उलट मला वाटलं, पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच. मी इतकी वर्षं घरात कंठशोष केला, लोणी नको, मीठ नको, आणि तो खांदे उडवत राहिला, आणि माझे सगळे शब्द इथे येऊन या बाईच्या पायाशी ठेवले. तिला वाटत होतं या घरात मी भरून राहिलेय. मला वाटत होतं माझ्या घरात तो राहिलाच नाही. दोघी आपापल्या खुर्चीत बसून एकमेकींवर जळत होतो, आणि तो मासा वाढत होता. चुलीशेजारी तेलाची पारदर्शक बाटली होती, उन्हात आणि धगीत. तिचा वास मला बसल्या जागी आला. नाक माझं कामाचं आहे. तेल खवट झालं होतं, सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं नाही.

मग त्याने जे केलं ते मी बघितलं. तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसला. माशाचा तुकडा अंगठ्याने हळूहळू चाचपून, एकेक काटा काढून बशीच्या कडेला लावला. पुन्हा चाचपलं. मग त्यातलाच घास आधी स्वतःच्या तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला, आणि बशी तिच्याकडे सरकवून म्हणाला, "घे." तेव्हा कुठे ती खायला लागली. माझ्यापुढेही त्याने बशी ठेवली. तळलेला मासा मी खाल्ला, इतक्या वर्षांनी. चांगला झाला होता, मेल्याला येत होतं. फक्त मीठ तेवढं नव्हतं. "मीठ दे," मी म्हणाले, आणि स्वावा इतकी हसली की तिला ठसका लागला. "बघ," ती लुबोला म्हणाली, "आता हीसुद्धा म्हणते." मी हसले नाही. निघताना तिने हवेत हात पुढे केला, मला तो धरावा लागला. हात गरम होता. "परत ये," ती म्हणाली. "नाहीतर नको येऊस. तुझी मर्जी. पण त्याला पाठवत जा."

लिगायाला मी पुढे जायला सांगितलं आणि लुबोच्या गाडीत बसले. मागच्या सीटवर कर्लिंगचा झाडू, कोरडा ठणठणीत. तो बस चालवतो तसा दोन्ही हातांनी चाक धरून बसला. मग म्हणाला, "तिची बहीण असायची सोबत. ती मुलीकडे व्हँकुव्हरला गेली ऑक्टोबरात. जाताना फोन केला, म्हणाली, ही जेवतच नाही, दुसरं कुणी नाही."

"मला सांगायचं नाही?"

"तिचं नाव काढलं तरी तू भांडी आपटतेस."

ते खरं होतं. मी बाहेर बघितलं. "मला वाटलं होतं तू मासा खात नाहीस," मी म्हणाले. "इतकी वर्षं. मी घरात आणला नाही. आणि तिथे आवडीने खातोस."

"आवडीने?" तो खरंच चकित झाला. "मला अजून मळमळतं, ओरिसिया. तोंडात घातला की डोळ्यांत पाणी येतं, पण तिला कुठे दिसतंय. डोळे गेल्यापासून तिला काट्याची भीती बसलीय. मी आधी खाल्ला तर खाते, नाहीतर पाव आणि कॉफी. म्हणून गिळतो."

"तिच्याकडे राहायचास तेव्हा?"

"तेव्हाही नाही खाल्ला कधी. अर्धी भांडणं त्यावरून."

मला वाटलं होतं यावर मला हायसं वाटेल. काही पाप नव्हतं, प्रेमप्रकरण नव्हतं, एका आंधळ्या म्हातारीला माणूस घास भरवतो, चार लोकांत सांगितलं तर लोक त्याला चांगलं म्हणतील, आणि तो चांगला आहेच. पण माझ्या छातीत जे पेटलं ते बुधवारपेक्षा मोठं होतं. आवडत असता तर मी सोसलं असतं. आवडीचं काय, माणूस आवडीचं कुठेही खातो. पण जो घास नकोसा वाटतो, ज्याने मळमळतं, तो तिच्यासाठी गिळायचा, मंगळवारी एकदा, शनिवारी एकदा, सगळा हिवाळा? माझ्यासाठी त्याने कधी एक चमचा बारावा पदार्थ गिळला नाही. माझं वर्ष दरसाल अपुरं राहू दिलं. मी मागितलं नव्हतं, हेही खरं. मागायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. मी समजूतदार होते, त्याचं हे फळ.

"तुझं रक्त बिघडलेलं नाही," मी म्हणाले. "मी खोटं सांगितलं. सुधारलंय. सगळंच."

त्याने मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. शहराचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाला, "तू म्हणालीस तर जायचं बंद करतो." तो मनापासून म्हणत होता, त्याचं मनापासूनचं बोलणं मला कळतं. मी हो म्हटलं असतं तर मंगळवारी तो सोफ्यावर बसला असता, आणि पट्टा हळूहळू बाहेरच्या भोकावर आला असता, आणि माझ्या पडद्यावरचं टेकाड बसत गेलं असतं, आणि मला ते बघायला मिळालं असतं. रात्रभर तो प्रश्न आमच्या दोघांच्या मध्ये पडून होता.

रविवारी मी पिकरेल आणला. घरात वास भरला तर भरू दे म्हटलं, खिडकीसुद्धा उघडली नाही. वडिलांसारखा तळला, कडा कुरकुरीत केल्या, आणि त्याच्यापुढे ताट ठेवलं. दुसरं काहीच केलं नव्हतं, सूपही नाही, बटाटासुद्धा नाही.

"आज काय आहे?" लुबोने विचारलं.

"काही नाही. रविवार आहे."

"तुला माहीत आहे ना, मला..."

"माहीत आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी नजर काढली नाही. मला बघायचंच होतं. काटा-चमचा हातात घेऊन मी त्याच्यासमोर बसले होते, पोटात तीच भूक, आणि मनात एकच: आता सरकवतो की खातो. दोन बोटांनी सरकवलं असतं तर निदान हिशेब तरी मिटला असता. त्याने ताट जवळ ओढलं. अंगठ्याने माशाचा तुकडा चाचपला, एक काटा काढला, कडेला लावला. दुसरा काढला. पुन्हा चाचपलं, उलटून चाचपलं. मग घास तोंडात घातला. घसा हलला, डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्याने गिळला. आणि तोंड पुसायच्या आधीच, सवयीने, ताट माझ्याकडे सरकवून म्हणाला, "घे."

मग त्याच्या लक्षात आलं. हात ताटाच्या कडेवर तसाच राहिला, त्याला तो मागेही घेता येईना. मला दिसतं. मला काट्यांची भीती नाही. लहानपणापासून मासा माझा मला खाता येतो, तोंडातल्या तोंडात काटे वेगळे करते. तो हात दुसऱ्या स्वयंपाकघरात तयार झाला होता, दुसऱ्या बाईसाठी, आणि माझ्या वाट्याला आला होता तो चुकून. ताट परत ढकललं असतं तर त्याला कळलं असतं, का ते सांगावं लागलं नसतं.

"मंगळवारी नवीन तेल घेऊन जा," मी म्हणाले. "गडद बाटलीतलं. चुलीपासून लांब ठेव म्हणावं. तिच्याकडचं खवट झालंय."

लुबोने मान हलवली आणि हात काढून घेतला. मी खायला सुरुवात केली. शेवटच्या घासापर्यंत मी जिभेने शोधत होते. एकही काटा लागला नाही.